ब्लॅकपूल समुद्राने बुडवला की मालकांनी? (एका फुकटच्या सिद्धांताला उत्तर)

संत्री सदरा (धागाकर्ता)

बॉर्नमथच्या धाग्यावर परवा 'खारा वारा' यांनी फर्मान काढलं: "समुद्रकाठच्या गावात फुटबॉल टिकत नाही. स्टेडियमभोवती वर्तुळ काढा, अर्धे प्रेक्षक मासे निघतील. ब्लॅकपूल म्हणजे मॅथ्यूज. मॅथ्यूज गेला, क्लब गेला." खाली वाहवा करणाऱ्यांची रांग. तिथेच उत्तर दिलं असतं तर त्या बिचाऱ्यांच्या धाग्याचं वाटोळं झालं असतं, म्हणून हा वेगळा. (नवख्यांसाठी: ब्लॅकपूल म्हणजे इंग्लंडच्या समुद्रकाठचं सहलीचं गाव आणि तिथला फुटबॉल क्लब.)

आधी मॅथ्यूज. उजव्या बगलेवरचा स्टॅनली मॅथ्यूज १९४७ मध्ये ११,५०० पौंडांना स्टोककडून आला आणि ऑक्टोबर १९६१ मध्ये स्टोकलाच परत गेला. ब्लॅकपूल पहिल्या विभागातून (तेव्हाची सर्वांत वरची पातळी) खाली गेला १९६७ मध्ये. मधली साडेपाच वर्षं काय भूत खेळत होतं? जिमी आर्मफिल्ड होता: एकच क्लब, सहाशेच्या वर सामने, इंग्लंडसाठी ४३. ॲलन बॉल १९६६ च्या विश्वचषकाची फायनल ब्लॅकपूलचा खेळाडू म्हणून खेळला. पुढच्याच महिन्यात तो १ लाख १० हजार पौंडांना एव्हर्टनला विकला गेला. त्या हंगामात ब्लॅकपूलने घरच्या मैदानावर लीगचा एकच सामना जिंकला, न्यूकॅसलविरुद्ध ६-०. बाकी वीस सामन्यांत पाच बरोबरी, पंधरा पराभव. हंगाम चालू असतानाच, फेब्रुवारीत, एमलिन ह्यूज ६५,००० ला लिव्हरपूलला. त्याआधी १९६२ मध्ये गोलरक्षक गॉर्डन वेस्ट २७,००० ला एव्हर्टनला गेलेला. १९७१ मध्ये टोनी ग्रीन न्यूकॅसलला.

म्हणजे गोलरक्षक, इंजिन, भावी कर्णधार, सर्जक, सगळे विकले. घेतलं काय, ते शोधायला भिंग लागेल. हे समुद्राने केलं नाही. संचालकांच्या खोलीत बसलेल्या माणसांनी केलं.

आणि दुसरी बुडी २०११ नंतरची. प्रीमियर लीगचे पैसे हातात असताना तीन वर्षांत संघाची अशी दशा की २०१४ च्या उन्हाळ्यात हंगामाच्या तोंडावर करारबद्ध खेळाडू आठ. आठ! अकरा जणांचा खेळ आहे हा. मासे दोषी असतील तर सांगा, मी कोळणींना विचारून येतो.

खारा वारा

नाव घेऊन धागा काढलात, आभारी आहे. आता ऐका.

बंदर आणि सहलीचं गाव यांत फरक असतो. तुम्ही पोर्ट्समथ, संडरलँड, साउदॅम्प्टनची उदाहरणं द्याल म्हणून आधीच सांगतो, ती बंदरं आहेत. गोदी बारा महिने चालते, कामगार शनिवारी दुपारी सुटतो आणि मैदानात येतो. ब्लॅकपूलमध्ये शनिवार म्हणजे खोल्या रिकाम्या करून चादरी बदलायचा आणि नवीन गिऱ्हाईक घ्यायचा दिवस. ऑगस्ट ते ऑक्टोबर गावातला निम्मा माणूस कामाला जुंपलेला. समुद्रकाठच्या दिव्यांच्या रोषणाईमुळे तर हंगाम नोव्हेंबरच्या तोंडापर्यंत लांबायचा. त्यानंतर गाव ओस. उरलेले प्रेक्षक म्हणजे हॉटेलातून निवृत्त झालेले आजोबा.

यादीच घ्या. न्यू ब्रायटन १९५१ मध्ये लीगबाहेर. साउथपोर्ट १९७८ मध्ये बाहेर. टॉर्की बाहेर. साउथएंड बाहेर. मोरकॅम २०२५ मध्ये लीग टूमधून (म्हणजे लीगच्या तळाच्या, चौथ्या पातळीवरून) खाली आणि त्यानंतर विक्री होईपर्यंत पाचव्या पातळीवरच्या नॅशनल लीगने निलंबित. आणि तुमचा ब्लॅकपूल १९८३ मध्ये चौथ्या विभागात एकविसावा, फेरनिवडीसाठी (लीगमध्ये राहू द्यायचं का, यावर क्लबांचं मतदान) इतर क्लबांपुढे हात जोडून उभा. इतके सगळे मालक एकाच वेळी नालायक निघाले की काय?

ताळेबंद

दोघेही चुकताय. उत्तर जानेवारी १९६१ मध्ये आहे. खेळाडूंच्या कमाल पगाराची मर्यादा उठली.

मर्यादा होती तेव्हा आकडा सगळीकडे तोच: १९५३ मध्ये आठवड्याला १५ पौंड, १९५८ पासून २०. आर्सेनलमध्येही तेवढेच, ब्लॅकपूलमध्येही तेवढेच. मग खेळाडूने ब्लॅकपूलला का येऊ नये? गावात जोडधंदा करायला भरपूर वाव. मॅथ्यूजचं तिथे हॉटेल होतं, स्टोकमध्ये खेळत असतानाच तो ब्लॅकपूलला राहत होता. म्हणजे खारा वारा, तुमचा समुद्र त्या काळात ब्लॅकपूलच्या फायद्याचा होता. तोट्याचा नव्हे.

मर्यादा उठली आणि फुलहॅमच्या जॉनी हेन्सला लगेच आठवड्याला १०० पौंड मिळाले. आता पगार गल्ल्यावर ठरणार. ब्लॅकपूलच्या ब्लूमफील्ड रोड मैदानाची आजवरची सर्वाधिक गर्दी ३८,०९८, सप्टेंबर १९५५, वुल्व्ह्जविरुद्ध. एव्हर्टनच्या गुडिसन पार्कवर तेवढी गर्दी साध्या शनिवारी व्हायची. बेरीज तुम्हीच करा.

आणि हे एकट्या ब्लॅकपूलचं नाही. पहिल्या विभागातून कोण कधी खाली गेलं ते बघा: प्रेस्टन १९६१, बोल्टन १९६४, ब्लॅकबर्न १९६६, ब्लॅकपूल १९६७, बर्नली १९७१. यांतल्या चार गावांना समुद्र नाही. सूतगिरण्यांचं लँकेशायर एका दशकात आटपलं. वर राहिले लिव्हरपूल आणि मँचेस्टर. त्यात प्रेस्टनचा बायपास १९५८ मध्ये झाला, मोटारी आल्या, आणि ज्याला ॲलन बॉलचा खेळ बघायचा होता तो गाडी काढून एव्हर्टनला जाऊ लागला.

संत्री सदरा

बर्नलीचं नाव तुम्हीच काढलंत, बरं झालं. बर्नली गाव ब्लॅकपूलपेक्षा लहान. १९६० मध्ये लीग विजेते. मर्यादा उठल्यावरही दहा वर्षं टिकले. कसे? १९५५ मध्येच गॉथॉर्पला सरावाची जागा घेतली, पोरं तयार केली, दरवर्षी एखादा विकायचा आणि त्याच्या जागी दुसरा आधीच तयार ठेवायचा. विकणं हा त्यांचा धंदा होता. ब्लॅकपूलचं विकणं म्हणजे घरातली भांडी मोडीत काढणं. मर्यादा दोघांची उठली, अक्कल एकाकडेच होती.

ताळेबंद

आणि मग बर्नलीचं काय झालं? १९७१ मध्ये खाली गेलेले दोन क्लब कोण? बर्नली आणि मधल्या काळात परत वर आलेला ब्लॅकपूल. एकाच हंगामात. १९८५ मध्ये बर्नली चौथ्या विभागात, १९८७ मध्ये शेवटच्या दिवशी लीगबाहेर जाता जाता वाचले. अक्कल होती ना? दहा वर्षांची उसंत मिळाली, एवढंच.

उजवी बगल

मर्यादा, गल्ला, गॉथॉर्प... चालू द्या. पण धागाकर्त्याने मॅथ्यूजला एका ओळीत उडवलं ते काही पटलं नाही. २ मे १९५३, वेम्बली, एफए कपची फायनल, बोल्टन ३-१ ने पुढे, बावीस मिनिटं शिल्लक. वयाच्या ३८ व्या वर्षी त्या माणसाने उजव्या बगलेवरून एकट्याने कप खेचून आणला. १९४८ ची फायनल मँचेस्टर युनायटेडकडून ४-२, १९५१ ची न्यूकॅसलकडून २-० हरल्यानंतर. १९५६ मध्ये युरोपचा सर्वोत्तम खेळाडू हा किताब सुरू झाला आणि पहिला मान कोणाला? असा माणूस जातो तेव्हा क्लबची हवा जाते. हे ताळेबंदात दिसत नाही.

बोल्टनचा बाळ्या

"एकट्याने"!!! आलं, आलं. दर वेळी हेच.

एकट्याने काय खेचलं ते सांगतो. बोल्टनचा लेफ्ट हाफ (मधल्या फळीत डावीकडचा) एरिक बेल. पहिल्या वीसेक मिनिटांत मांडीचा स्नायू गेला. तेव्हा बदली खेळाडू नाही. लीगमध्ये बदली आला १९६५ मध्ये, तोही फक्त दुखापतीसाठी. मग काय करायचे? लंगडणाऱ्याला बगलेवर उभा करायचं, निदान समोरच्या एकाला तरी अडकवेल म्हणून. बेल गेला आउटसाइड लेफ्टला, म्हणजे डाव्या बगलेवर. तिथला लँगटन आत सरकला इन्साइड लेफ्टला. इन्साइड लेफ्टचा हॅसल मागे आला लेफ्ट हाफच्या जागी. हॅसल गोल करणारा माणूस, बचाव त्याचं काम नव्हे. त्याच्या मागे लेफ्ट बॅक राल्फ बँक्स, त्याच्या पायात गोळे आलेले.

आता बोल्टनची डावी बाजू म्हणजे ब्लॅकपूलची उजवी. मॅथ्यूजसमोर होते दोघं: एक जागेवरचा नाही आणि एक चालू शकत नाही. त्या दोघांना हुलकावणी दिली म्हणून माणूस जादूगार. आणि एवढं होऊनही त्या लंगड्या बेलने ५५ व्या मिनिटाला हेडरने गोल केला. त्याच्या नावाची फायनल म्हणा की.

संत्री सदरा

धागा १९६१ आणि २०११ बद्दल आहे, एवढी नम्र आठवण.

मधला फळीवाला

थांबा हो धागाकर्ते, इथे जरा मजा आहे.

बाळ्या, बेलचं बरोबर. पण ती बाजू कमजोर झालीय हे ओळखून चेंडू सतत तिकडे देणारा कोण? एर्नी टेलर, इन्साइड राईट. पाच फूट चार इंच. त्याचा इतिहास बघा: १९५१ च्या फायनलमध्ये हाच टेलर न्यूकॅसलकडून ब्लॅकपूलविरुद्ध खेळत होता. दुसऱ्या गोलच्या वेळी मिलबर्न मागून येतोय हे न बघता टाचेने चेंडू मागे सोडला आणि मिलबर्नने तो लांबून जाळ्यात मारला. ब्लॅकपूलचा व्यवस्थापक जो स्मिथ याने काय केलं? त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये २५,००० पौंड मोजून टेलरलाच उचलला. मॅथ्यूजला दिले त्याच्या दुपटीहून जास्त. ज्याने हरवलं तोच आणायचा.

१९५३ ला दुसऱ्या अर्धात टेलर उजवीकडेच सरकून राहिला. मॅथ्यूज पायात चेंडू मागणारा खेळाडू. पुढे मोकळ्या जागेत टाकलेल्या चेंडूवर धावणं त्याला आवडत नसे. टेलर दहा-बारा यार्डांवरून सरळ पायात देत होता. ही दोघांची जोडी होती. फायनल टेलरची म्हणायला माझी हरकत नाही.

उजवी बगल

म्हणजे लेखणी महत्त्वाची, कविता नव्हे. वा.

बोल्टनचा बाळ्या

कवितेचं सोडा, गोल मोजा. चार गोल. पहिला ३५ व्या मिनिटाला, मॉर्टेन्सनचा फटका हॅसलला लागून आत. कित्येक नोंदींत तो हॅसलचा स्वयंगोल आहे. दुसरा ६८ व्या मिनिटाला: मॅथ्यूजचा क्रॉस, आमच्या हॅन्सनच्या हातून निसटला, मॉर्टेन्सनने ढकलला. तिसरा ८९ व्या मिनिटाला, मॉर्टेन्सनची थेट फ्री किक, मॅथ्यूजचा संबंध शून्य. चौथा ९२ व्या मिनिटाला, मॅथ्यूजने खरंच बाजू फोडून चेंडू मागे दिला, दक्षिण आफ्रिकेच्या बिल पेरीने मारला. म्हणजे चारात दोन, त्यातला एक गोलरक्षकाची चूक. वेम्बलीवरच्या एफए कप फायनलमध्ये हॅट्‌ट्रिक करणारा एकमेव माणूस मॉर्टेन्सन, आणि नाव मॅथ्यूजचं. मॉर्टेन्सनने काय घोडं मारलं होतं?

उजवी बगल

पहिला गोल स्वयंगोल धरायचा असेल तर हॅट्‌ट्रिकही गेली. एकाच प्रतिसादात दोन्ही कसं चालेल? काय ते ठरवा आणि मग या.

बोल्टनचा बाळ्या

अधिकृत नोंद हॅट्‌ट्रिकची आहे. मी ती मान्य करतोय, मोठ्या मनाने, बोल्टनचा असून. तुम्हाला तेवढंही मोठं मन नाही, कारण मॉर्टेन्सन मोठा झाला की मॅथ्यूज लहान होतो. हा सगळा वृत्तपत्रांचा खेळ होता. म्हाताऱ्याला पदक मिळावं म्हणून अख्खा देश देव पाण्यात घालून बसला होता, बोल्टन गेलं खड्ड्यात.

उजवी बगल

सत्तर वर्षं झाली हो त्याला. औषध घ्या काहीतरी.

बोल्टनचा बाळ्या

औषध एकच: बदली खेळाडू. बारा वर्षं उशिरा आलं.

खारा वारा

माझा मुद्दा सोडून सगळं बोलून झालं का?

पेठकर

मालकांवरून भांडताय आणि ब्लॅकबर्नच्या पुणेकर मालकांचं नाव नाही? ब्लॅकपूलपासून गाडीने तासाभरावर. वेंकीजने नोव्हेंबर २०१० मध्ये क्लब घेतला, डिसेंबरात ॲलरडाइसला काढलं, स्टीव्ह कीनला बसवलं, २०१२ मध्ये खाली. विगनविरुद्धच्या त्या सामन्यात प्रेक्षकांनी मैदानात जिवंत कोंबडी सोडली होती. आता गंमत बघा. हे मालक पैसे काढत नव्हते. उलट वर्षानुवर्षं ओततच राहिले. तरी २०१७ मध्ये लीग वन, म्हणजे तिसरी पातळी. मग मालकाने पैसे ओतले काय आणि काढले काय, क्लब खालीच जातो ना? धागाकर्त्याचा सिद्धांत गेला बाराच्या भावात.

संत्री सदरा

नाही गेला. मी "मालकांनी बुडवला" म्हणतोय, "मालकांनी पैसे काढून बुडवला" एवढंच म्हणत नाही. फुटबॉल कळणाऱ्याला काढायचं आणि एजंटांच्या सल्ल्याने चालायचं, यानेही क्लब बुडतो. तेवढं ब्लॅकबर्नने सिद्ध केलं. धन्यवाद, माझ्याच बाजूचा पुरावा आणून दिलात.

पेठकर

तुमच्याशी वाद म्हणजे छापा पडला तर तुम्ही जिंकलात, काटा पडला तर मी हरलो.

ताळेबंद

पैसे काढण्याबद्दल मोघम बोलणं पुरे. ब्लॅकपूलमध्ये नेमकं कसं झालं ते मांडतो, कारण 'ओइस्टनने लुटलं' सगळे म्हणतात आणि कसं ते कोणी सांगत नाही.

भागधारक कोण? बहुतांश ओइस्टन कुटुंब. लॅटव्हियाचे व्हॅलेरी बेलोकोन २००६ मध्ये आले, त्यांच्याकडे २० टक्के. त्यांच्या पैशावर संघ उभा राहिला, २००७ मध्ये येओव्हिलला हरवून दुसऱ्या पातळीवर, २२ मे २०१० ला कार्डिफला ३-२ हरवून प्रीमियर लीग. व्यवस्थापक इयन हॉलोवे. त्या एका हंगामाचे टीव्ही वगैरेचे मिळून जवळपास ४ कोटी पौंड. खाली गेल्यावर पॅराशूट (खाली पडलेल्या क्लबला मिळणारे आधाराचे पैसे): चार वर्षांत सुमारे ४ कोटी ८० लाख, पहिली दोन वर्षं साधारण १.६ कोटी, पुढची दोन निम्मे.

आता क्लबमधला नफा मालकाला हवा असेल तर सरळ रस्ता म्हणजे लाभांश जाहीर करणे. पण लाभांश सगळ्या भागधारकांना द्यावा लागतो. दर शंभर पौंडांतले वीस बेलोकोनना गेले असते. म्हणून लाभांश जाहीरच करायचा नाही. त्याऐवजी संचालकाचं मानधन म्हणून १ कोटी १० लाख पौंड ओवेन ओइस्टन यांच्या कंपनीला. शिवाय कुटुंबाच्या इतर कंपन्यांना क्लबकडून कर्जं. वीस टक्केवाल्याच्या वाट्याला भोपळा.

कोर्टाने नेमकं हेच धरलं. अल्पमतातल्या भागधारकावर अन्याय, या कलमाखाली बेलोकोन उच्च न्यायालयात गेले. नोव्हेंबर २०१७ मध्ये निकाल: एकूण २ कोटी ६७ लाख ७० हजार पौंड गैरमार्गाने क्लबबाहेर नेले, सबब बेलोकोन यांचा हिस्सा ३ कोटी १२ लाख ७० हजारांना विकत घ्या. पैसे वेळेत भरले नाहीत, म्हणून फेब्रुवारी २०१९ मध्ये रिसीव्हर (देणं वसूल करायला कोर्टाने नेमलेला माणूस) आला आणि ओइस्टन बाहेर. जूनमध्ये ब्लॅकपूलच्याच सायमन सॅडलरने क्लब घेतला.

इथे एक बारीक गोष्ट. क्लब दिवाळखोरीत गेला की १२ गुण कापतात. ब्लॅकपूलचे कापले नाहीत, कारण रिसीव्हर मालकाच्या देण्यासाठी नेमला होता, क्लब देणी फेडू शकत नव्हता म्हणून नव्हे. लीगच्या मंडळाने हे मान्य केलं.

खारा वारा

म्हणजे २०११ नंतरची बुडी ओइस्टनची. बरं. पण त्याच ओइस्टनने वर्षानुवर्षं पगार आटोक्यात ठेवले म्हणून क्लब जिवंत राहिला असं म्हणणारेही होते. पोर्ट्समथ बघा: २००८ ला एफए कप, फेब्रुवारी २०१० ला प्रशासकाच्या ताब्यात, ९ गुण कापले, २०१३ पर्यंत लीग टू. उधळ्यापेक्षा कंजूस बरा.

संत्री सदरा

कंजूस माणूस पैसे तिजोरीत ठेवतो. स्वतःच्या दुसऱ्या कंपनीत नाही.

आणि २०१०-११ चा तो हंगाम आटोक्यात ठेवण्याने काय झालं ते बघा. मैदानाचा पूर्वेचा तात्पुरता स्टँड वेळेत झाला नाही म्हणून घरचा पहिला सामना विगनला हलवावा लागला. तिथे ४-० जिंकलो, हे आमचं नशीब. लिव्हरपूलला दोन्हीकडे हरवलं. ५५ गोल केले. नोव्हेंबरात ॲस्टन व्हिलाविरुद्ध हॉलोवेने दहा बदल केले, ३-२ हरलो, लीगने २५,००० पौंडांचा दंड ठोकला, कारण काय तर कमजोर संघ उतरवला. मोठे क्लब हेच दर महिन्याला करतात. शेवटच्या दिवशी ओल्ड ट्रॅफर्डवर २-१ पुढे असताना ४-२ हरलो. ३९ गुण, एकोणिसावे. वुल्व्ह्ज ४० वर वाचले. एका गुणाने गेलेला संघ. जानेवारीत दोन चांगले बचावपटू घेतले असते तर? तेवढे पैसे नव्हते असं कोणी म्हणू नये, आकडे वर ताळेबंदांनी दिलेत.

मधला फळीवाला

बचावपटू नव्हे, पद्धत. हॉलोवेचे दोन्ही फुलबॅक एकाच वेळी वर जायचे, मधल्या फळीतला चार्ली ॲडम मागे बसून लांब चेंडू टाकायचा. चेंडू गमावला की मागे दोघेच. पंचावन्न केले तसे अठ्ठ्याहत्तर खाल्लेही. पैसे आले असते तरी तो माणूस तसाच खेळला असता.

संत्री सदरा

खाल्ले असतील. त्यातले दोन कमी खाल्ले असते तरी पुरलं असतं, एवढंच म्हणणं आहे.

पेठकर

एक शंका. प्रेक्षकांनी बहिष्कार टाकला म्हणतात. टीव्हीचे कोट्यवधी येत असताना तिकिटाच्या पंचवीस पौंडांनी मालकाचं काय वाकडं होतं? आणि हेच लोक दुसऱ्यांच्या मैदानावर जाऊन बसायचे. हा कसला बहिष्कार?

ताळेबंद

हा हिशोब लोकांनी नीट केला होता. १९८३ पर्यंत लीगच्या सामन्याच्या गल्ल्यातला हिस्सा पाहुण्या क्लबला मिळायचा. त्यानंतर सगळा गल्ला यजमानांचा. म्हणून बाहेरगावी तिकीट काढलं तर ओइस्टनला दमडी नाही. घरी जायचं नाही, सीझन तिकीट नाही, खाणं नाही, बिअर नाही, दुकानातला सदरा नाही. 'एक पेनीही नाही' ही घोषणा अक्षरशः तशी पाळली.

एफए कप मात्र वेगळा. तिथे गल्ला वाटला जातो: ४५ टक्के यजमान, ४५ पाहुणे, १० सामाईक निधीत. म्हणजे कपात बाहेरगावी गेलात तरी पैसे ओइस्टनला. म्हणून कपात दोन्हीकडे बहिष्कार. जानेवारी २०१९ मध्ये आर्सेनल ब्लूमफील्ड रोडवर आला तेव्हाही मंडळी बाहेरच उभी होती, एक जण तर आर्सेनलच्या बसच्या टपावर चढून बसला. २०१७ मध्ये एक्सेटरविरुद्ध वेम्बलीवरची प्ले-ऑफ फायनल, संघ २-१ जिंकला, वर चढला, आणि ब्लॅकपूलच्या बाजूला खुर्च्या रिकाम्या.

टीव्हीच्या पैशापुढे तिकिटाचे पैसे कमी, हे खरं. पण ते प्रीमियर लीगला. लीग टूमध्ये गल्ला हाच मुख्य आधार. क्लब जितका खाली, तितका बहिष्कार जास्त लागतो. आणि ९ मार्च २०१९ ला, मालक गेल्यावर, साउथएंडविरुद्ध आले १५,८७१. समुद्रकाठचे दोन क्लब, सामना २-२. खारा वारा, यांतले मासे किती?

उजवी बगल

२ मे १९५३ ला कप आणि २ मे २०१५ ला हडर्सफील्डविरुद्ध प्रेक्षक मैदानात उतरून सामनाच बंद पाडला. तारीख एकच. त्या हंगामात एकूण २६ गुण.

बोल्टनचा बाळ्या

दोन्ही २ मेला ब्लॅकपूलने सामना प्रामाणिकपणे संपवला नाही असं म्हणता येईल.

उजवी बगल

संपादक, याला आवरा.

खारा वारा

ठीक. ब्लॅकपूलची दुसरी बुडी मालकामुळे, लिहून देतो. पहिलीला ताळेबंद यांचं १९६१ धरायला मी तयार आहे, धागाकर्ते तयार नसले तरी. पण ब्रायटन आणि बॉर्नमथ वर आहेत ते समुद्रामुळे नव्हे, समुद्र *असूनही*. ब्रायटनला टोनी ब्लूमने बिनव्याजी ४० कोटी पौंडांच्या आसपास दिले. बॉर्नमथचं मैदान जेमतेम ११,००० चं, आधी रशियन पैसा, मग अमेरिकन. साधा, बिनअब्जाधीश समुद्रकाठचा क्लब दाखवा जो आपल्या गल्ल्यावर वर राहिला.

संत्री सदरा

साधा, बिनअब्जाधीश, डोंगराकाठचा तरी दाखवा! आता कोणीच राहत नाही. आणि ब्रायटनचं अर्धंच सांगितलंत. १९९५ मध्ये त्यांच्याच संचालकांनी गोल्डस्टोन ग्राउंड विकलं, पुढचं घर ठरलेलं नसताना. एप्रिल १९९७ मध्ये तिथला शेवटचा सामना, मग हेरफर्डला जाऊन १-१ करून लीगमध्ये कसेबसे राहिले, दोन वर्षं जिलिंगमला घरचे सामने खेळले, मग २०११ पर्यंत विदडीनच्या ॲथलेटिक्स ट्रॅकभोवती. बुडवलं मालकांनी, तारलंही मालकाने. समुद्र तिथेच होता, तेव्हाही आणि आताही.

ताळेबंद

धागाकर्ते, ब्लूम आला नसता तर ब्रायटन आज कुठे असता? पैसाच ना शेवटी? म्हणजे १९६१.

संत्री सदरा

पैसा अधिक डोकं. तोच पैसा ब्लॅकबर्नमध्ये बघितलात की. १९६१ ने काम अवघड केलं, एवढं मानतो. बॉलला विकावंच लागलं असतं, हेही मानतो. त्या १ लाख १० हजारांचं काय केलं, एवढं सांगा म्हणजे झालं.

खारा वारा

साउथपोर्टबद्दल कोणी अवाक्षर काढलं नाही याची नोंद घेतली आहे.

मधला फळीवाला

घ्या मग. १९७७-७८ मध्ये चौथ्या विभागात साउथपोर्ट तेविसावा, शेवटचा रॉचडेल. फेरनिवडीच्या मतदानात पहिल्या फेरीत साउथपोर्ट आणि लीगबाहेरून आत यायला बघणारा विगन बरोबरीत, २६-२६. फेरमतदानात विगन २९, साउथपोर्ट २०. तळाचा रॉचडेल आत, त्याच्या वरचा बाहेर. मत देणारे सगळे इतर क्लबांचे अध्यक्ष होते, त्यांत एकही मासा नव्हता.